‘हो, आणि...’ : लोकांशी बोलताना वाटणारी भीती इम्प्रोव्हच्या खेळांनी कशी कमी होते?

मेसेज टाइप करायचा, पुसायचा, पुन्हा टाइप करायचा आणि शेवटी नुसता इमोजी पाठवायचा. फोन वाजला की तो थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग ‘बोल, काय काम होतं?’ असं लिहून पाठवायचं. लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीचं कुणी दिसेपर्यंत मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभं राहायचं. यातलं एखादं तरी बहुतेकांनी केलेलं असतं.

स्क्रीनवर वाक्य सुधारायची सोय असते. समोरासमोर ती नसते. म्हणून अनेकजण आधी मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतात. ते जुळेपर्यंत गप्पा दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असतात.

या अडचणीवर नाटकाच्या जगात एक सराव फार पूर्वीपासून केला जातो. हातात संहिता नसताना रंगमंचावर उभं राहणाऱ्या कलाकारांना जे शिकवलं जातं, ते रोजच्या बोलण्यातही उपयोगी पडतं. या प्रकाराला इंग्रजीत थोडक्यात ‘इम्प्रोव्ह’ म्हणतात. मराठीत त्याला उत्स्फूर्त नाट्य म्हणता येईल.

इम्प्रोव्ह म्हणजे नेमकं काय?

इम्प्रोव्हमध्ये संवाद लिहिलेले नसतात. प्रेक्षक एखादी जागा किंवा शब्द सुचवतात आणि कलाकार तिथल्या तिथे प्रसंग उभा करतात. समोरचा पुढच्या क्षणी काय बोलेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून यात सगळ्यात आधी ऐकायला शिकवतात.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध नियम आहे ‘हो, आणि...’. समोरच्याने जे मांडलं ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची.

समजा एक कलाकार म्हणाला, “डॉक्टर, आमचा बोकड दोन दिवस झाले हसतच नाही.” त्यावर दुसरा म्हणाला, “मी डॉक्टर नाही आणि बोकड कधी हसत नसतात.” प्रसंग तिथेच संपला. पण तो म्हणाला, “आणा त्याला आत. आणि घरात कुणी त्याला काही बोललं का, तेही सांगा.” आता गोष्ट पुढे सरकली.

समोरच्याने पुढे केलेल्या अशा प्रत्येक गोष्टीला इम्प्रोव्हच्या भाषेत ‘ऑफर’ म्हणतात. ती उडवून लावली की त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात.

सुरुवात कुठे झाली?

हा प्रकार आज विनोदी कार्यक्रमांमुळे माहीत असला, तरी त्याची पाळंमुळं समाजकार्यात आहेत. अमेरिकेतल्या शिकागो शहरात 1889 मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी ‘हल हाउस’ ही संस्था सुरू केली. आसपासच्या स्थलांतरित कुटुंबांसाठी ती काम करायची. तिथे नेव्हा बॉइड या खेळांच्या माध्यमातून मुलांना आणि मोठ्यांना एकत्र आणत होत्या.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे नाटक शिकवताना हीच पद्धत वापरली. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलांना लांबलचक सूचना देण्याऐवजी त्या खेळ देत. खेळताना मुलं स्वतःला विसरायची आणि अभिनय आपोआप व्हायचा. त्यांचं या खेळांवरचं पुस्तक 1963 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचे पुत्र पॉल सिल्स हे 1959 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते.

दुसरं मोठं नाव कीथ जॉनस्टन यांचं. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम केल्यावर ते कॅनडातल्या कॅल्गरीला गेले. त्यांचं ‘इम्प्रो’ हे पुस्तक 1979 मध्ये आलं. हुशारी दाखवायच्या नादात माणूस अडकतो, असं ते शिकवत. त्यापेक्षा जे सहज सुचेल तेच बोलावं, कारण एकाला साधं वाटणारं दुसऱ्याला नवं असतं.

मराठी रंगभूमीला हे नवं नाही

‘इम्प्रोव्ह’ हा शब्द नवा असला तरी संहितेशिवाय उभं राहणं इथे जुनंच आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावतारात कथानक ठरलेलं असतं, पण संवाद लिहून दिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की शब्दाला शब्द जागीच जुळतो. तमाशातली बतावणीही सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर चालते.

या कलाकारांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. उत्स्फूर्त म्हणजे तयारीशिवाय नव्हे. दशावतारी कलाकाराने वाक्यं पाठ केलेली नसतात, पण पुराणकथा त्याला माहीत असतात आणि समोरच्याचा रोख ओळखायची सवय अंगवळणी पडलेली असते. तयारी ऐकण्याची असते.

बोलताना भीती का वाटते?

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीचं एक स्पष्टीकरण मांडलं. चारचौघांत घाबरणाऱ्या माणसाचं लक्ष समोरच्यापेक्षा स्वतःकडे जास्त असतं. आवाज कापतोय का, चेहरा लाल झाला का, आपण कसे दिसतोय, याचीच तपासणी आत सुरू राहते. वाक्यं मनात घोळवणं किंवा नजर टाळणं हे उपाय त्याला सुरक्षित वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे तो तुटक वाटतो आणि भीती तशीच राहते.

आपल्याकडे सगळे बघतायत, हा अंदाजही बऱ्याचदा चुकतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असं त्यांना वाटलं. खरं तर साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता.

2018 मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांच्या गप्पांचा अभ्यास केला. गप्पा संपल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटत होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त आवडले होते. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला.

इम्प्रोव्ह नेमकं इथेच काम करतं. समोरच्याचं वाक्य ऐकल्याशिवाय खेळ पुढे जात नाही, त्यामुळे स्वतःकडे वळलेलं लक्ष बाहेर काढावंच लागतं. आत्मविश्वास आधी आणि बोलणं नंतर, असा क्रम इथे नसतो. लक्ष दुसऱ्याकडे गेलं की बोलणं सुरू होतं आणि आत्मविश्वास त्यातून हळूहळू येतो.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात शाळकरी मुलांना 10 आठवडे इम्प्रोव्ह शिकवण्यात आलं. त्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्या मुलांमध्ये सामाजिक भीतीची लक्षणं दिसत होती, त्यांच्यात ती नंतर कमी झाल्याचं आढळलं. मात्र तुलनेसाठी प्रशिक्षण न घेतलेला गट या अभ्यासात नव्हता.

2020 मधल्या एका प्रयोगात काही जणांना फक्त 20 मिनिटं इम्प्रोव्ह करायला दिलं आणि काहींना लिहिलेली संहिता वापरायला दिली. इम्प्रोव्ह करणाऱ्यांना अनिश्चितता सहन करणं थोडं सोपं गेलं आणि त्यांची मनःस्थितीही सुधारली. हा परिणाम लगेच मोजलेला होता. तो किती काळ टिकतो, हा वेगळा प्रश्न आहे.

थोडक्यात, निष्कर्ष आशादायक आहेत. पण इम्प्रोव्ह म्हणजे हमखास औषध, असा दावा त्यातून करता येत नाही.

नात्यांमध्ये ‘ब्लॉक’ कसा होतो?

घरात ऑफर दिवसभर येत असतात. मुलगी शाळेतून येऊन सांगते, “आई, आज मला कबड्डीच्या टीममध्ये घेतलं!” त्यावर “आधी हातपाय धू, गणिताचं काय झालं?” हे उत्तर म्हणजे ब्लॉक. “अरे वा! कोणाकोणाला घेतलं? तू चढाई करणार की पकड?” हे झालं ‘हो, आणि’.

फॅमिली ग्रुपवर काकू पहिल्यांदाच जमलेल्या पुरणपोळीचा फोटो टाकतात. खाली अकरा अंगठे येतात. एखादा भाचा विचारतो, “काकू, पुरण फुटलं नाही ते कसं?” बोलणं तिथून सुरू होतं.

शेली गेबल या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत जोडप्यांचा अभ्यास केला आहे. आनंदाची बातमी सांगितल्यावर जोडीदार उत्साहाने प्रतिसाद देतो, आणखी विचारतो, अशा जोडप्यांमध्ये नात्याबद्दलचं समाधान जास्त आढळलं.

‘हो, आणि’ म्हणजे सगळ्याला होकार का?

नाही. या नियमाचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. रंगमंचावर पात्राचं म्हणणं स्वीकारायचं असतं. कलाकाराला नकोसा स्पर्श किंवा अपमान सहन करायचा नसतो. चांगल्या वर्गांमध्ये खेळ मध्येच थांबवायची मुभा प्रत्येकाला असते.

रोजच्या आयुष्यात भावना मान्य करणं वेगळं आणि मागणी मान्य करणं वेगळं. मित्र म्हणाला, “याही वर्षी ट्रिपला येत नाहीस, म्हणजे तुला आमची किंमतच नाही.” त्यावर वाद घालता येतो, किंवा मनाविरुद्ध पैसे भरून जाताही येतं. तिसरा मार्ग असा: “तुला वाईट वाटलंय, कळतंय मला. या वेळी पैशांचं जमत नाहीये, खरंच. परत आलात की सगळे माझ्याकडे जेवायला या.” इथे नकार ठाम आहे आणि नातंही राखलं आहे.

आधीच कुणाला नाही म्हणू न शकणाऱ्यांनी तर हा फरक विशेष ध्यानात ठेवावा. पैशांसाठी, खासगी फोटोंसाठी किंवा धमकावून केलेल्या मागणीला ‘ऑफर’ समजायचं कारण नाही. तिथे ब्लॉक करणंच योग्य.

घरी करता येतील असे पाच सराव

1. आरसा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकजण संथपणे हालचाल करेल, दुसरा आरशासारखी तीच करेल. मग अदलाबदल. स्पोलिन यांच्या पद्धतीतला हा खेळ लहान मुलांसोबतही छान जमतो.

2. एकेक शब्दाची गोष्ट. प्रत्येकाने फक्त एक शब्द बोलून गोष्ट पुढे न्यायची. “एकदा”, “एक”, “उंदीर”, “एसटीत”, “चढला”... आपल्या मनातला शेवट सोडून द्यावा लागतो, हाच यातला धडा.

3. शेवटच्या शब्दापासून सुरुवात. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द घेऊन आपलं वाक्य सुरू करायचं. वाक्य संपेपर्यंत ऐकावंच लागतं. हा सराव खेळातच करावा, कारण खऱ्या गप्पांत तो कृत्रिम वाटेल.

4. एक ऑफर उचला. सहकारी म्हणाला, “रविवारी गावी जाऊन आलो, आंब्याला मोहोर आलाय.” यात रविवार, गाव, आंबा अशा तीन ऑफर आहेत. एकीवर प्रश्न विचारा. ऐकलेल्या गोष्टीवरच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, असं हार्वर्डच्या संशोधकांना 2017 मधल्या अभ्यासात दिसलं होतं.

5. चुकलं की हात वर. खेळात गडबड झाली की दोन्ही हात वर करून “चुकलो!” म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चूक झाली तरी आभाळ कोसळत नाही, हे यातून कळत जातं.

सुरुवात कमी धोक्याच्या जागी करावी. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, लिफ्टमधले शेजारी यांच्याशी एकच जादा वाक्य बोलणं पुरेसं आहे. समोरचा घाईत असेल, इअरफोन लावून असेल किंवा तुटक उत्तर देत असेल, तर तोही एक संकेत आहे. तो ओळखून थांबणं हाही ऐकण्याचाच भाग.

वर्ग निवडताना काय बघावं?

पहिल्या दिवशी नुसतं बसून बघता येतं का, हे विचारावं. कुणाला बळजबरीने पुढे ढकललं जात असेल, किंवा शरीर, जात, उच्चार यांवरून हशा पिकवला जात असेल, तर तो वर्ग सोडलेला बरा.

मदत कधी घ्यावी?

लाजाळू असणं हा आजार नाही. कमी बोलणाऱ्या प्रत्येकाने बडबडं व्हावं असंही नाही. पण भीतीमुळे कॉलेज, नोकरी, मुलाखती किंवा दवाखान्यात जाणंही महिनोन् महिने टाळलं जात असेल, तर ती सामाजिक चिंतेची समस्या असू शकते. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे परिणामकारक उपचार आहेत आणि इम्प्रोव्ह त्यांची जागा घेऊ शकत नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर काय बोलायचं हे आधी जुळवून ठेवायची गरज नाही. “कुठून सुरुवात करू कळत नाही” एवढं सांगितलं तरी चालतं.