दोन तारांचा दिवा : कार्ले परिसरातील जुन्या घरांची वायरिंग आणि अर्थिंगचा प्रश्न

प्रस्तावना :
मावळातील कार्ले हे गाव लेणी व एकवीरा देवी यांमुळे सर्वपरिचित आहे. विजेच्या इतिहासातही या परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे पाणी अडविले. ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस नेऊन १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. मावळच्या पाण्यावर निर्माण झालेली ही वीज प्रथम मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. घरगुती दिव्याचा इतिहास त्यानंतरचा आहे. जुना छतदिवा बदलताना अर्थिंगची अडचण का उद्भवते, हे ऐतिहासिक क्रमाने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

दोन तारांची रचना :
परिसरातील जुन्या घरांत आजही लाकडी पट्टीतून गेलेली वायरिंग आढळते. छताला लाकडी गोल ठोकळा, त्यावर सिलिंग रोज, खाली लोंबणारी दुपेडी वायर आणि टोकाला बल्बचा होल्डर अशी ही रचना असे. दिव्यापर्यंत फेज व न्यूट्रल अशा दोनच तारा येत. यास केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. लाकूड, चिनीमाती व बेकेलाइट हे वीजरोधक पदार्थ होत. हाताला लागेल असा मोठा धातूचा भाग त्या दिव्याला नसल्याने तिसऱ्या तारेची निकड भासली नाही.

नियमांचा क्रम :
भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ३३ अन्वये ग्राहकाच्या जागेत पुरवठा सुरू होतो तेथे अर्थिंगचे टर्मिनल पुरविण्याची जबाबदारी पुरवठादारावर होती. १९६६ मध्ये अर्थिंगविषयक भारतीय मानक, आयएस ३०४३, प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये ते सुधारण्यात आले. तथापि मीटरपाशी आलेले अर्थिंग छतापर्यंत नेण्याचे काम घरमालकाचे होते. जुन्या भिंतींत ते अनेकदा राहूनच गेले. नियम पुढे गेले, तारा मात्र जागीच राहिल्या.

धातूच्या दिव्याचे आगमन :
खरा प्रश्न दिवा बदलताना उभा राहतो. बेकेलाइटच्या होल्डरजागी पितळी झुंबर किंवा धातूचे एलईडी पॅनेल येते. त्याची हिरवी तार जोडण्यास छतात काहीच नसते. वायरमन ती गुंडाळून आत सारतो. पुढे फेजची तार धातूला टेकली तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज जातो. अर्थिंग नसल्यास फ्यूज जात नाही, दिवाही लागतो आणि धातूचे कवच २३० व्होल्टवर राहते. मावळातील पावसाळी ओल व तडकलेले रबरी आवरण हा धोका वाढवितात.

हिरवी तार न्यूट्रलला जोडण्याचा प्रघात तर अधिकच घातक आहे. न्यूट्रल तुटताच संपूर्ण कवचात वीज उतरते. योग्य मार्ग दोन. पहिला, वितरण फलकापासून दिव्यापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार ओढणे. तारांचे आवरण जीर्ण असल्यास सर्वच वायरिंग बदलणे. दुसरा, चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा निवडणे. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी अर्थिंग नसतानाही जीव वाचवू शकते. परंतु अशा वेळी ते बहुधा माणसाच्या शरीरातून प्रवाह वाहू लागल्यावरच तुटते. म्हणून ते पूरक होय, पर्याय नव्हे. कोणतेही काम मेन स्विच बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

निष्कर्ष :
दोन तारांची वायरिंग तिच्या काळातील दिव्यापुरती सुसंगत होती. दिवा बदलला, पण त्यामागील गृहीत बदलले नाही, म्हणून ती धोकादायक ठरते. जुन्या वास्तूंच्या नोंदी करताना आपण तुळया व कोरीव खांब मोजतो. छतातील तारांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. ती नोंद इतिहासाचे साधन ठरेल आणि त्या घरात राहणाऱ्यांच्या जीविताचे रक्षणही करील.