थेंबाथेंबाचे औषध

गेल्या आषाढात माझ्या डाव्या बरगडीवरून नागीण उठली. फोड तीन आठवड्यांत सुकले. पण त्यांच्या जागी जी आग राहिली, ती दसरा उलटला तरी हटेना. अंगावर सदरा टेकला तरी निखारा ठेवल्यासारखे वाटे. शेजारच्या वहिनी बजावून गेल्या, "नागिणीची तोंडे मिळू देऊ नका हो भावोजी, मिळाली की माणूस जातो!" या समजात तथ्य नाही. लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतात आणि उतारवयात डोके वर काढतात. ते तंतू दुखावले की फोड गेले तरी वेदना मागे उरते.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी गॅबापेंटिनच्या तीनशे मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. "काका, चार दिवस रात्री एकच. मग दोन. पुढचे मी सांगेन." मी दुसऱ्याच रात्री तीन घेतल्या. सकाळी आगरात पाणी सोडायला उतरलो, तो मिरजोळ्याची सारी जमीन होडीसारखी डोलू लागली. पोफळीला मिठी मारून बसलो म्हणून हाड वाचले. बाईंनी खरपूस समाचार घेतला. वास्तविक ही गोळी आधी फेफऱ्यासाठी होती; अमेरिकेत १९९३ साली तिला त्यासाठी मान्यता मिळाली आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी २००२ साली.

पडवीत सक्तीने पडून राहिल्यावर जुनी पुस्तके चाळण्यावाचून दुसरे काय करणार? तेव्हा ध्यानात आले की मात्रा चढवण्या-उतरवण्याचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे, आणि तो ज्या रोगावर सर्वांत अधिक खेळला गेला तोही मज्जातंतूंचाच रोग. लोक त्याला महारोग म्हणत. आमच्या रत्नागिरीस दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाचे कुष्ठालय एकोणिसाव्या शतकापासूनचे. कुष्ठात अंग बधिर होते एवढेच आपण ऐकलेले असते. परंतु रोगाने उसळी घेतली की कोपराजवळचा तंतू दोरीसारखा सुजतो आणि रुग्ण रात्ररात्र तळमळतो. मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठाचे आरंभीचे चट्टे तपासून तंतूंतील या शिरकावाचा मागोवा घेतला.

त्यांच्याही आधीचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे गृहस्थ. शिलालेख वाचणारे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो, मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयालाही १९७५ पासून त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या आयुष्यातला मोठा ध्यास कुष्ठाच्या औषधाचा होता. ते औषध म्हणजे सह्याद्रीच्या रानात उगवणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल. प्रयोग पुरा होईतो त्यांनी त्याचा गवगवा केला नाही, आणि १८७४ साली ते वारले. मला हे मौन खटकते. पण अर्धवट औषधाच्या बोभाट्याने आशेला लागलेल्या माणसांचे काय होते, हे त्यांनी पाहिले असेल, असेही वाटते.

या जातीच्या तेलाची गोम अशी की ते पोटात टिकत नाही. मूठभर थेंबांपासून आरंभ करायचा, रोज थोडे वाढवायचे, आणि मळमळ सुरू झाली की थांबायचे. रोगी किती सोसतो हेच माप. पुढे टोचून देऊ लागले, तर टोचल्या जागी गाठी आणि ठणका.

येथे एक आडवळण. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्यास बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले. तेच पुढे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय. आणि हेच ॲकवर्थ साहेब शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर १८९१ मध्ये मराठी पोवाड्यांचा संग्रह काढतात! एकाच माणसाच्या मेजावर तानाजीचा पोवाडा आणि कुष्ठरुग्णांच्या खाटांचा हिशेब. असो.

खरा पालट डॅप्सोनने झाला. हे द्रव्य १९०८ सालीच जर्मनीत तयार झाले होते. पण दुसऱ्या रोगांवर मोठ्या मात्रेत देऊन पाहिले, तर रक्त नासू लागले, म्हणून ते विषारी ठरवून टाकून दिले. मद्रासजवळ चिंगलपेटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन ते तेलात घोळून टोचू लागले. मग नायजेरियात जॉन लो यांनी ते तोंडाने, शंभर मिलिग्रॅमच्या आसपास रोज देऊन पाहिले, आणि ते पचले. विष म्हणून फेकलेल्या वस्तूचे औषध झाले, ते केवळ मात्रेमुळे.

पण मात्रा कमी करण्यातही चूक होते. तंतूंचा दाह उसळला की डॅप्सोननेच तो उसळला असे समजून काही डॉक्टर मात्रा पार काही मिलिग्रॅमपर्यंत उतरवीत. जंतूंना ती सवयीची झाली. १९६४ साली मलायातील सुंगेई बुलोह येथे, डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात हे सिद्ध झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र द्यावीत असे ठरवले. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. औषध थांबल्यावर रंग हळूहळू उतरतो. पण तोवर रोग नाही तरी रंग गावाला चुगली करतो. रंगापायी कुणी गोळ्या टाकून दिल्या, तर त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

तंतूंच्या दाहासाठी मात्र प्रेडनिसोलोन. त्याची चाल माझ्या गोळीच्या नेमकी उलट: चाळीस मिलिग्रॅमवर आरंभ, दर पंधरवड्याला उतरण, तीस, वीस, पंधरा, दहा, पाच, असे बारा आठवडे. मध्येच एकदम सोडले तर शरीर गडबडते. माझी गोळीही एकाएकी तोडायची नाही, अशी ताकीद आहे.

सध्या सकाळी एक आणि रात्री दोन गोळ्यांवर आलो आहे. दुपारी झोप येते आणि वर्तमानपत्र हातातून गळते. आग आहे, पण सदरा सोसवतो. यंदा दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल लावून घेईन म्हणतो; डावी बाजू मात्र मी स्वतः लावणार.