सिम्प्सन वाळवंट: आधी गरम पाण्याचे झरे, मग 1,100 टेकड्या

वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या गाड्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटात मात्र अशी गाडी चालवायची तर वेगापेक्षा तयारी जास्त कामाला येते.

हे वाळवंट कुठे आहे?
सिम्प्सन वाळवंट दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिन्ही भागांत पसरलेले आहे. इथे वाळूच्या सुमारे 1,100 टेकड्या एकमेकींना समांतर, साधारण उत्तर-दक्षिण दिशेने पसरल्या आहेत. पूर्व-पश्चिम प्रवास करणाऱ्याला त्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. 1962 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी कुटुंबासह हे वाळवंट मोटारीने पार केले. मोटारीने झालेला तो पहिला प्रवास मानला जातो.

वाळवंटात गरम पाणी कसे?
वाळवंटाच्या पश्चिम कडेला, विटजिरा राष्ट्रीय उद्यानात डलहौसीचे झरे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सुमारे पाचव्या हिश्शाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलाचा प्रचंड साठा आहे. फार पूर्वी जमिनीत मुरलेले पाणी खोलवर तापते आणि दाबामुळे भेगांतून वर येते. मुख्य कुंडातले पाणी साधारण 34 ते 38 अंश सेल्सिअस असते. इथले काही मासे जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. स्थानिक आदिवासी समुदायांसाठी ही जागा पवित्र आहे. म्हणून कुंडात उतरताना साबण, शांपू आणि सनस्क्रीन टाळायचे असते.

पश्चिमेकडूनच सुरुवात का?
इथल्या टेकड्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य, तर पूर्वेकडचा तीव्र असतो. त्यामुळे डलहौसीकडून पूर्वेला बर्ड्सव्हिल गावाकडे जाणे तुलनेने सोपे पडते. या वाटेवर शेवटची मोठी टेकडी येते ती ‘बिग रेड’. तिची उंची सुमारे 40 मीटर आहे.

गाडी वाळूत का रुतते?
टायर कडक असेल तर गाडीचा सगळा भार छोट्या जागेवर पडतो आणि चाक वाळू कापत खाली जाते. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, भार वाटला जातो आणि गाडी वर राहते. म्हणून वाळूत शिरण्यापूर्वी हवा साधारण 15 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवतात. कडक रस्त्यावर परतल्यावर ती पुन्हा भरावी लागते, नाहीतर वेगात टायर तापून फुटू शकतो. त्यामुळे हवा भरायचा पंप सोबत हवाच.

काय लक्षात ठेवावे?
- टेकडीवर सरळ चढावे. उतारावर गाडी आडवी वळवली तर ती उलटू शकते.
- चढ जमला नाही तर त्याच चाकोरीतून सरळ मागे यावे.
- चाक जागेवरच फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडावा. जोर लावला तर गाडी आणखी खोल जाते. फावड्याने वाळू काढावी, हवा अजून थोडी कमी करावी.
- टेकडीच्या माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही. म्हणून गाडीवर उंच काठीला रंगीत झेंडा लावणे इथे बंधनकारक आहे.

मदत किती लांब?
डलहौसीनंतर बर्ड्सव्हिलपर्यंत पेट्रोल पंप किंवा दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी, इंधन आणि सॅटेलाइट फोन सोबतच न्यावे लागतात. गाडी बंद पडली तर चालत मदत शोधायला निघू नये, गाडीजवळच थांबावे. गाडीची सावली मिळते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

उन्हाळ्यात तापमान 45 अंशांच्या वर जाऊ शकते. त्यामुळे दरवर्षी 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात सिम्प्सनमधली राष्ट्रीय उद्याने पर्यटकांसाठी बंद असतात.