‘संत तुकाराम’ : एका बोलपटाचा लोकोत्सव

मुंबईहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नाशिकच्या पुढें निफाड हें गांव लागतें. कादवेच्या कांठचा हा सुपीक मुलूख आज द्राक्षांसाठीं, उंसासाठीं आणि हिंवाळ्यांतील कडक थंडीसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु महाराष्ट्राच्या विचारांच्या इतिहासांत या गांवाचें स्थान निराळ्याच कारणानें ठरलेलें आहे. १८ जानेवारी १८४२ रोजीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म येथें झाला. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं, ३० एप्रिल १८७० रोजीं, याच नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं धुंडिराज गोविंद फाळके जन्मास आले. एकानें महाराष्ट्राला संतांच्या कार्याचा ऐतिहासिक अर्थ सांगितला. दुसऱ्यानें हालत्या चित्रांची विद्या या भूमीवर रुजविली. या दोन्ही कार्यांचे प्रवाह ज्या एका कृतींत येऊन मिळाले, ती कृति म्हणजे १९३६ सालचा प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट होय. हा बोलपट आणि त्याचे नायक विष्णुपंत पागनीस यांचा लोकांनीं जो उत्सव मांडला, त्याचें मर्म समजण्यास म्हणूनच प्रारंभ निफाडच्या या सुपुत्रापासून करणें योग्य ठरेल.

रानड्यांनीं ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ या १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत एक संपूर्ण प्रकरण संतांना दिलें आहे. स्वराज्य हें केवळ तरवारीच्या बळावर उभें राहिलें नाहीं. त्यापूर्वीं कित्येक पिढ्या संतांनीं लोकभाषेला प्रतिष्ठा दिली, जातिभेदाची धार बोथट केली, स्त्रियांना व गृहस्थाश्रमाला मान दिला आणि विखुरलेल्या समाजाला एका भावनेनें बांधिलें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. रानडे ज्या प्रार्थना समाजाचे धुरीण होते, त्या समाजांत तुकोबांचे अभंग नित्य म्हटले जात. तुकोबांची गाथाहि याच काळांत छापून निघाली. सरकारनें चोवीस हजार रुपयांचें साहाय्य दिल्यावर विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं संपादिलेली गाथा १८६९ व १८७३ सालीं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून दोन भागांत बाहेर पडली. याप्रमाणें देहूचा वाणी शहरांतील सुशिक्षितांच्या कपाटांत येऊन बसला. खेड्यांतील माणसाला मात्र त्या छापील गाथेची वाट पाहाण्याचें कारण नव्हतें. त्याच्या कानीं तुकोबा कीर्तनांतून आणि वारींतून पिढ्यान्‌पिढ्या येतच होते. एकच संत दोन वर्गांनीं दोन वाटांनीं जपला होता. या दोन वर्गांना एका जागीं बसवून तोच संत दाखविण्याचें काम पुढें चित्रपटानें केलें.

चित्रपट आणि भाविक समुदाय यांचें नातें कसें जडतें, याची पहिली साक्ष फाळक्यांच्याच चित्रांनीं दिली. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांतील तारामतीची भूमिका अण्णा साळुंखे या पुरुष नटानें केली होती. त्याच वर्षीं फाळक्यांनीं आपला कारखाना नाशिकास हालविला. १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रांत याच साळुंख्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत, आणि तिकिटांचीं जमलेलीं नाणीं पोत्यांत भरून बैलगाडींतून न्यावीं लागलीं, असें सांगतात. एका उपाहारगृहांत काम करणारा हा तरुण अशा रीतीनें आपल्या देशाचा पहिला लोकप्रिय चित्रनट ठरला. देवाचें रूप घेणाऱ्या माणसाला लोक देवाचा मान देतात, हा रामलीलेचा व दशावताराचा जुना नियम पडद्यालाहि लागू झाला.

प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास झाली व १९३३ सालीं ती पुण्यास आली. तिचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालीं निघाला. त्याचा विषय हरिश्चंद्राचाच होता, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९३५ सालीं व्ही. शांतारामांनीं एकनाथांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला आणि नाथांच्या भूमिकेसाठीं प्रत्यक्ष बालगंधर्वांना आणलें. महाराष्ट्रांत त्या काळीं त्यांच्याहून मोठा नट दुसरा कोण होता? परंतु बालगंधर्वांचें नांव इतकें मोठें होतें कीं, नाथांकडे पाहातांना प्रेक्षकाला गंधर्वच दिसावे. पुढल्याच वर्षीं विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं तुकोबांचा विषय हातीं घेतला, तेव्हां निवड झाली ती विष्णुपंत पागनीस यांची. १८९२ सालीं जन्मलेले पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले गायक नट होते. त्यांच्या हालचालींत बायकी लकब उरली असेल, अशी शंका कंपनींत घेतली गेल्याचें सांगतात. दामले-फत्तेलालांनीं मात्र आपली निवड बदलली नाहीं. स्त्रीभूमिकेनें अंगीं आणलेलें मार्दव हेंच तुकोबांच्या नम्रतेस उपयोगी पडलें, असें बोलपट पाहाणाऱ्यास आज दिसतें.

दिग्दर्शकांच्या या जोडीविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. दोघेहि कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झाले. दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार आणि फत्तेलाल हे कलायोजनेंत निष्णात. ‘साहेबमामा’ या नांवानें ओळखले जाणारे फत्तेलाल धर्मानें मुसलमान होते. वारकऱ्यांच्या विठ्ठलाचें देऊळ, इंद्रायणीचा घाट आणि तुकोबांचें घर त्यांच्या कल्पनेनें पडद्यावर उभें राहिलें. संतांच्या चळवळीनें माणसांमधील भिंती ठेंगण्या केल्या, या रानड्यांच्या सिद्धांताचें याहून बोलकें उदाहरण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं.

कथा शिवराम वाशीकरांची व संगीत केशवराव भोळे यांचें. तुकोबांच्या अभंगांबरोबर शांताराम आठवल्यांनीं रचलेला एक नवा अभंगहि या बोलपटांत आहे. त्याचा घाट इतका अस्सल उतरला कीं, तो तुकोबांचाच समजून जाणकारांनीं गाथेचीं पानें चाळलीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. बोलपटाची एकंदर मांडणीहि कीर्तनासारखी आहे. अभंग येतो, त्याच्या आशयाला धरून एखादी हकीकत घडते, आणि हकीकत संपली कीं पुन्हां अभंग. पागनीसांचे तुकोबा अभिनयाचा आव आणीत नाहींत. ते गातात, आणि गातां गातां जवळपासचीं माणसें त्यांच्याभोवतीं गोळा होतात. कीर्तनांत बसण्याची संवय ज्याला होती, त्या प्रेक्षकाला या बोलपटाची भाषा शिकवावी लागली नाहीं.

तरीहि केवळ भक्तिरसावर हा बोलपट तरला असता काय? त्यांत तुकोबांच्या समोर उभी आहे ती जिजाई. ही भूमिका गौरी या नटीनें केली. प्रभातच्या कारखान्यांत लहानसहान कामें करणारी ही बाई नामांकित नव्हती. तिची जिजाई म्हैस राखते, पोरांना जेवूं घालते, नवऱ्यावर तोंड टाकते, आणि मुलगा आजारी पडला तेव्हां देवळांत शिरून विठोबावरच वहाण उगारते. तुकोबा दान देऊन मोकळे होतात. रिकामें मडकें पाहावें लागतें तें जिजाईला. शेवटीं पुष्पक विमान आलें, तरी ती मागें राहाते, कारण घर आणि पोरें तिला सोडतां येत नाहींत. वैकुंठाची ओढ आणि चुलीची चिंता या दोहोंना सारखाच मान देणारा हा समतोल या कृतीचा खरा प्राण होय. गृहस्थाश्रमाची प्रतिष्ठा वाढविणें हें रानड्यांनीं संतांच्या कार्यांत गणलें होतें. गौरीच्या जिजाईमध्यें ती प्रतिष्ठा हाडामांसाची झाली.

१२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत हा बोलपट लागला आणि एकाच चित्रगृहांत तो ५७ आठवडे चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत त्याचा विशेष गौरव झाला. परंतु व्हेनिसच्या सन्मानाहून मोठा असा एक महोत्सव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून चालू झाला होता. फिरत्या तंबूंतील चित्रपट हा जत्रांचा एक भागच होऊन गेला. एका बाजूस कुस्त्यांचा आखाडा, दुसऱ्या बाजूस तमाशाची कनात, आणि मध्यें पडदा लावलेला तंबू. दिवसा देवदर्शन करून रात्रीं त्याच देवाचें वा संताचें चरित्र पाहावें, हा क्रम लोकांना अगदीं स्वाभाविक वाटला. निफाड तालुक्यांत पौषांत नैताळ्यास मतोबा महाराजांची यात्रा भरते. अशा गांवोगांवच्या यात्रांच्याच आधारानें फिरती चित्रगृहें महाराष्ट्रांत कित्येक दशकें जगलीं. त्यांच्या मावळतीची कथा सांगणारा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ सालीं कान येथें गौरविला गेला.

या उत्सवाच्या केंद्रस्थानीं पागनीस होते. त्यांना पाहातांच लोक नमस्कार करूं लागले. त्यांच्या तुकोबाच्या वेषांतील छायाचित्रें घरोघर भिंतींवर लागलीं, आणि कालांतरानें तुकोबांचें चित्र म्हणून जें रूप लोकांच्या डोळ्यांपुढें येऊं लागलें, त्यांत पागनीसांच्या चेहऱ्याची छाया मिसळून गेली. पागनीसांना पुढें संतांच्याच भूमिका मिळत गेल्या. १९३९ सालीं ते तुलसीदास झाले, १९४० सालीं नरसी भगत झाले, आणि १९४३ सालीं त्यांचें देहावसान झालें. नटाला याहून मोठें यश तें कोणतें? आणि याहून कठीण बंधन तरी कोणतें? ज्या लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें, त्यांनींच त्यांना दुसरें कांहीं होऊं दिलें नाहीं.

येथें एक आक्षेप उभा राहातो. प्रार्थना समाज मूर्तिपूजा मानीत नसे, चमत्कारांवर श्रद्धा ठेवीत नसे. या बोलपटांत तर इंद्रायणींतून वह्या परत येतात आणि विमान आकाशांत चढतें. मग नटाच्या छायाचित्राला हार घालणारा हा समुदाय रानड्यांच्या विचारापासून दूरच गेला, असें म्हणावयाचें काय? हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. छायाचित्राच्या पूजेंत मूळ वाणीचा विसर पडण्याचा धोका असतो, आणि तुकोबांनीं दंभावर जे कोरडे ओढले, ते हार घालणाऱ्यालाहि चुकत नाहींत. परंतु लोकांनीं नेमकें काय उचलून धरलें, तेंहि पाहिलें पाहिजे. चमत्कारांचे चित्रपट पुष्कळ निघाले, आणि ते पुष्कळसे विसरले गेले. ‘संत तुकाराम’ टिकला, कारण त्यांतील चमत्काराच्या शेजारीं एक खरें घर उभें आहे. मालक आणि मजूर, शास्त्री आणि अडाणी, शहरवासी आणि खेडूत एका पडद्यासमोर बसून एकाच भाषेंत हंसले आणि रडले. संतांनीं लोकांना एकत्र आणलें, असें निफाडच्या या सुपुत्रानें इतिहासाच्या आधारें लिहिलें होतें. त्यांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीं त्याचा प्रत्यय चित्रगृहांत आला.

उत्सव करणारा समाज आपला ठेवा जपतोच, असें मात्र नाहीं. ‘राजा हरिश्चंद्रा’चीं आज कांहीं रिळेंच शिल्लक आहेत, आणि मूकपटांच्या काळांतील बहुतेक चित्रें काळाच्या उदरांत गडप झालीं. प्रभात कंपनी १९५३ च्या सुमारास बंद पडली. १९६० सालीं तिच्या जागेंत भारत सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था उघडली, आणि १९६४ सालीं पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरीहि जुन्या नायट्रेट फितींचा पेट घेण्याचा स्वभाव जात नाहीं. जानेवारी २००३ मध्यें याच आवारांतील कोठारास आग लागून अनेक जुन्या फितींची राख झाली. ‘संत तुकाराम’ प्रतींच्या रूपानें उरला, हें महाराष्ट्राचें भाग्य होय. पुणें आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत मराठी चित्रपटाला महाराष्ट्र शासनातर्फें जो पुरस्कार देण्यांत येतो, त्याला ‘संत तुकाराम’ हेंच नांव आहे. जुन्या बोलपटाच्या नांवानें नव्या कलावंताचा सन्मान व्हावा, ही प्रथा स्तुत्यच आहे.

परंतु नांवाचा गौरव आणि वस्तूचें जतन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुकोबांच्या वह्या पाण्यांत बुडविल्या गेल्या, तेव्हां त्यांची वाणी लोकांनीं मुखोद्गत करून राखली, असें वारकरी सांगतात. चित्रपट कोणाला मुखोद्गत करतां येत नाहीं. त्याला कोठार लागतें, थंडावा लागतो, जाणता राखणदार लागतो, आणि त्यासाठीं दरसाल पैसा खर्च करण्याची समाजाची तयारी लागते. ज्या लोकांनीं ५७ आठवडे रांगा लावून एका नटांत आपला संत पाहिला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना तोच संत पाहावयास मिळावयाचा असेल, तर हारांबरोबर या राखणीचा खर्चहि उत्सवाच्या हिशेबांत धरला पाहिजे.