श्वासातलं इन्सुलिन आणि त्यामागचा पैसा

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जर्मनीत काही डॉक्टरांनी हेच इन्सुलिन श्वासातून देऊन पाहिलं. रक्तातली साखर उतरली, पण टोचण्याच्या मानाने इन्सुलिन कितीतरी जास्त लागलं. तेव्हा ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे आणि टोचण्यापुरतंही मुश्किलीने मिळे. त्यामुळे कल्पना मागे पडली. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आता ते हवं तेवढं बनवता येणार होतं, थोडं वाया गेलं तरी परवडणार होतं. जुनी कल्पना पुन्हा टेबलावर आली ती यामुळे.

आज सोलापुरात सात रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये इन्सुलिन मागितलं, की फ्रिजमधून कुपी नाहीतर पेन निघतं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अफ्रेझा’ हे श्वासातून घ्यायचं इन्सुलिन भारतात विकायला सिप्लाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ती बातमी आल्यापासून इथल्या ओळखीच्या लोकांनी मला दोन प्रश्न विचारले आहेत. सुई सुटणार का? आणि या औषधामागच्या कंपनीचा शेअर घ्यावा का? दोन्हींचं उत्तर मला या औषधाच्या इतिहासातच सापडतं.

गोळी पोटात गेली की तिचं काम ती करते. श्वासातल्या औषधाचं तसं नसतं. भुकटीचा कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा लागतो. मोठा असेल तर घशातच चिकटतो आणि फार बारीक असेल तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. तो कण कसा सुटेल हे यंत्राच्या घडणीवर ठरतं आणि किती आत जाईल हे रोग्याच्या दमावर. म्हणून औषध आणि उपकरण मिळून एकच वस्तू धरावी लागते. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत अशा जोड-उत्पादनांसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र कार्यालयच उघडलं गेलं.

या वाटेवर पहिली पोचली फायझर. नेक्टर कंपनीच्या तंत्रावर उभं राहिलेलं तिचं ‘एक्झुबेरा’ जानेवारी २००६ मध्ये मंजूर झालं. भागीदार सनोफी-अव्हेंटिसचा हक्क विकत घ्यायला फायझरने १.३ अब्ज डॉलर मोजले होते. मात्र ते यंत्र वापरायच्या वेळी उघडलं, की टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढं व्हायचं. हॉटेलात चारचौघांत ते तोंडाला लावायचं कुणी? त्याहून वाईट होता मात्रेचा घोळ. जगभरचे रोगी इन्सुलिन युनिटांत मोजतात आणि इथे पाकिटं मिलिग्रॅमची. एक मिलिग्रॅम म्हणजे सुमारे तीन युनिट, तीन मिलिग्रॅम म्हणजे सुमारे आठ. म्हणजे एकेकाची तीन पाकिटं घेतली, तर तीनच्या एका पाकिटापेक्षा जास्त इन्सुलिन अंगात जायचं. इन्सुलिनमध्ये एका युनिटाची चूकही काही रोग्यांना घाम फोडते. त्यात सुरुवातीला आणि पुढे ठरावीक काळाने फुप्फुसांची तपासणी करायची, ती वेगळीच. ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने एक्झुबेरा बंद केलं आणि २.८ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. पुढच्या काही महिन्यांत नोव्हो नॉर्डिस्क आणि लिली यांनीही आपापले प्रयोग गुंडाळले. इन्सुलिन गुण देत होतं. फसलं ते यंत्र, मोजमाप आणि दवाखान्यातली रोजची सवय.

मैदानात उरला एक म्हातारा. आल्फ्रेड मान यांनी आधी पेसमेकर आणि इन्सुलिन पंपाच्या कंपन्या उभ्या करून विकल्या होत्या. त्या पैशातला सुमारे एक अब्ज डॉलर त्यांनी मानकाइंड कंपनीत घातला. २००४ मध्ये तिचे शेअर नॅस्डॅकवर १४ डॉलरला विक्रीला आले. त्यांची भुकटी, म्हणजेच अफ्रेझा, वेगळी होती. एका वाहक पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांवर इन्सुलिन चढवलेलं. या गोळ्या फुप्फुसात पोचताच विरघळतात आणि पाव तासाच्या आसपास इन्सुलिनची रक्तातली पातळी शिखर गाठते. यंत्रही आधी मोठं होतं. मग कंपनीने मुठीत मावणारं, शिटीएवढं नवं यंत्र बनवलं.

इथेच जोड-उत्पादनाची खरी मेख आहे. मार्च २०१० मध्ये एफडीएने आणखी माहिती मागितली. जानेवारी २०११ मध्ये पुन्हा नकार आला, आणि या खेपेला कारण होतं नवं यंत्र. आधीच्या चाचण्या जुन्या यंत्रावर झाल्या होत्या. औषध तेच, पण यंत्र बदललं, म्हणून रोग्यांवर नव्याने चाचण्या करा, असं सांगितलं गेलं. यंत्र सुधारलं म्हणून कंपनीला तीन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं. तो नकार कळला त्या दिवशी शेअर कोसळला. एफडीएचं म्हणणं मला रास्त वाटतं, कारण कण किती आत जातो हे यंत्रच ठरवतं. पण मंजुरीच्या तारखेवर पैसा लावणाऱ्या किती जणांना ही मेख ठाऊक होती?

जून २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. ऑगस्टमध्ये सनोफीने ९२.५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. शेअरधारकांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण खप उठलाच नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये सनोफीने करार मोडल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारीत मान वारले. मधल्या वर्षांत पैसा उभा करायला कंपनी नवे शेअर काढत राहिली आणि जुन्या मालकाचा वाटा पातळ होत गेला. २०१७ मध्ये पाच शेअरचा एक शेअर केला गेला. त्या हिशेबाने २००४ मधले १४ डॉलर आजचे ७० होतात. २०२४ मध्ये तो शेअर दहा डॉलरच्या आतच फिरत होता.

सोलापूरला हे अनोळखी नाही. आपली जुनी मिल, म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. पुढच्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवर भरायचे उरलेले पन्नास-पन्नास रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास हे शेअरधारक कोर्टात गेले. आमच्या हातातला कारभार काढून घेता आणि वर पैसेही मागता, हे त्यांचं गाऱ्हाणं. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अडचणीतला धंदा आपल्या मालकाकडेच पुन्हा हात पसरतो, हे या गावाने तेव्हाच पाहिलं. फरक इतकाच, की मिलचा भोंगा गावात ऐकू येत होता. परदेशातल्या कंपनीचं यंत्र इथल्या माणसाने पाहिलेलंही नसतं. २००४ पासून रिझर्व्ह बँकेच्या योजनेमुळे परदेशी शेअर घेता येतात आणि आता तर ते मोबाइलवरून होतं.

या कहाणीतली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट पुढची. मानकाइंडला खरा आधार मिळाला तो इन्सुलिनकडून नाही. तीच वाहक भुकटी आणि त्याच जातीचं छोटं यंत्र वापरून फुप्फुसातल्या रक्तदाबावरचं ट्रेप्रोस्टिनिल हे औषध युनायटेड थेरप्युटिक्सने बाजारात आणलं. मे २०२२ मध्ये ते मंजूर झालं आणि मानकाइंडला त्यातून कमाई सुरू झाली. इन्सुलिनवर पैज लावणाऱ्यांनी वीस वर्षं ज्या तंत्राचा खर्च उचलला, ते दुसऱ्याच आजाराच्या रोग्यांच्या कामी आलं. त्या सट्ट्याला मी नावं ठेवणार नाही. मान यांचा आणि त्या हजारो लोकांचा पैसा नसता, तर फायझरच्या माघारीनंतर ही वस्तू जगात आलीच नसती. पण घरखर्चाचा, मुलीच्या शिक्षणाचा पैसा अशा एका मंजुरीवर लावू नये, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सिप्लासाठी तर ही अनेक उत्पादनांतली एक वस्तू आहे. मे २०१८ मध्ये करार झाला तेव्हा तिने मानकाइंडला सुरुवातीला दिले फक्त २२ लाख डॉलर.

आता पहिला प्रश्न, सुई सुटणार का? अफ्रेझाची काडतुसं चार, आठ आणि बारा युनिटांची येतात. जेवणाआधी सहा युनिट टोचणाऱ्याला सहाचं काडतूस नाही. कंपनीच्या २०१४ च्या तक्त्यात त्याच्यासमोर आठ लिहिलेलं होतं आणि पुढे साखर पाहून डॉक्टर मात्रा बसवतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर हे औषध घ्यायचंच नाही, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही ते देत नाहीत. सुरू करण्याआधी, सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजावी लागते. सूतगिरण्या, यंत्रमाग आणि विडीच्या या गावात त्या तपासणीत किती जण बसतील, हे सोलापूरच्या डॉक्टरांना आधी पाहावं लागेल. आणि हे इन्सुलिन फक्त जेवणापुरतं आहे. टाइप वन मधुमेहाच्या रोग्याला दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन टोचावंच लागतं, त्याची ती सुई सुटत नाही.