वारंवारतेचे मतैक्य : भारतीय वीजजालाच्या इतिहासातील एक प्रकरण

विषम घटकांनी बनलेल्या नियंत्रणजालात मतैक्य कसे घडून येते, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. भारतीय वीजजालाच्या इतिहासात तो प्रत्यक्ष व्यवहारात सोडवावा लागला आहे. कोयनेचे जलविद्युत् संच भार त्वरेने उचलतात, कोराडीचे कोळशावरील संच सावकाश. तथापि एका जालास समकालिक जोडलेल्या सर्व जनित्रांची विद्युत् वारंवारता एकच असावी लागते. मागणी पुरवठ्याहून वाढली की ती ५० हर्ट्झच्या खाली उतरते. घटली की वर चढते. म्हणजेच जालाची अवस्था प्रत्येक केंद्रास आपल्या जागीच कळते. त्यासाठी निरोप्याची गरज नसते.

परंतु कळणे निराळे आणि वळणे निराळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रादेशिक जालांत वारंवारता सायंकाळी ४९ च्याही खाली जाई आणि रात्री ५० च्या बरीच वर राही. टंचाईच्या वेळी राज्य विद्युत् मंडळे वाट्याहून अधिक वीज ओढीत. रात्री उत्पादन घटविण्यात केंद्रांना लाभ नसे. दोष यंत्रांचा नव्हता, हिशेबाचा होता. जुलै २००२ मध्ये प्रथम पश्चिम विभागात आणि २००३ अखेर सर्वत्र लागू झालेल्या उपलब्धताधिष्ठित दरपद्धतीने हा हिशेब पालटला. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर घेतल्या-दिलेल्या विजेचा दर तत्कालीन वारंवारतेशी बांधला गेला : वारंवारता जितकी कमी, तितका दर अधिक. प्रत्येकाने स्वहितच पाहिले, तरी वारंवारता पुष्कळ स्थिरावली. ऑगस्ट २००६ पर्यंत दक्षिण वगळता सर्व विभाग समकालिक जोडले गेले होते.

या मतैक्याची मर्यादा जुलै २०१२ मध्ये उघड झाली. ३० तारखेच्या उत्तररात्री वारंवारता ५० च्या निकट होती. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी मात्र अतिभारित होती. ती खंडित होताच उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशी त्यासह पूर्व व ईशान्य विभागही. वारंवारता साऱ्या जालाची तूट सांगते. कोणत्या दुव्यावर किती ताण आहे, हे सांगत नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभागही जोडला गेला, आणि २०१४ च्या नियमांनी वेळापत्रकापासूनच्या विचलनाच्या परिमाणालाही मर्यादा घातली. यावरून असे दिसते की, मतैक्यासाठी घटक सारखे असावे लागत नाहीत. सर्वांना वाचता येईल अशी एक खूण आणि ती मानण्यात प्रत्येकाचे हित, एवढे पुरते. परंतु ते टिकावयाचे, तर त्यांना जोडणाऱ्या दुव्यांची क्षमताही हिशेबात धरावी लागते.