कामगार भरपाईचा दावा आणि वकिलाची फी

कारखान्यात अपघात झाला की घरच्यांचा पहिला प्रश्न दवाखान्याचा असतो, दुसरा भरपाईचा. वकिलाच्या फीचा प्रश्न बहुधा विचारायचाच राहून जातो. गलोंडा, मसाट, पिपरिया, खडोली, राखोली या पट्ट्यात आपल्या सभासदांच्या घरांतील अनेक जण कामाला आहेत. त्यामुळे हा विषय मंडळाच्या बैठकीत अधूनमधून निघतोच. ‘टक्क्यावर केस’ हा शब्दप्रयोगही आपल्याकडे रुळला आहे. आता काही देऊ नका, पैसे आले की वीस टक्के द्या, तीस टक्के द्या, असा तो व्यवहार. हातात पैसा नसलेल्या कुटुंबाला तो सोयीचा वाटतो. कायद्याला मात्र तो मान्य नाही.

आधी भरपाई किती असते ते पाहू, म्हणजे टक्क्याचे वजन कळेल. १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याआधी कितीतरी वर्षे, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत ज्या मागण्या मांडल्या, त्यांत कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय ही मागणी होती. म्हणजे मागणीपासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षे गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मुख्य चौकट तीच आहे. शिवाय घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, आता त्यात धरला जातो. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे बरेच चालू असल्याने खालील हिशेब आणि कलमे जुन्या कायद्यातील आहेत.

मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी तो १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या कामगारासाठी गुणांक २०७.९८ आहे. म्हणून ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. अपंगत्वासाठी पगाराचे साठ टक्के धरतात. पॉवर प्रेसमध्ये पंचवीस वर्षांच्या मुलाचा अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के गेली असे परिशिष्टात धरले आहे. ९,००० गुणिले २१६.९१, त्याचे तीस टक्के, म्हणजे ५,८५,६५७ रुपये. शिवाय महिन्याभरात रक्कम दिली नाही तर मालकावर दरसाल बारा टक्के सरळ व्याज बसते, आणि योग्य कारण नसताना उशीर केला असेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

आता पहिल्या उदाहरणात तीस टक्के फी काढा. ४,६७,९५५ रुपये होतात. त्यात दावा दोन वर्षे रेंगाळला तर व्याज ३,७४,३६४ रुपये होते आणि ‘एकूण रकमेवर’ असे बोलणे झाले असेल तर त्याचेही तीस टक्के जातात. पैसा मिळायला उशीर झाल्याबद्दल विधवेला मिळालेल्या व्याजात वाटा मागणे आम्हाला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांत स्पष्ट आहे की निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेऊ नये. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका वकिलाचे प्रकरण आले होते. निकालपत्रात त्यांचा उल्लेख केवळ ‘जी’ असा आहे. वसूल होईल त्याच्या निम्मे, असा करार त्यांनी अशिलाशी केला होता. न्यायालयाने तो गैरवर्तन ठरवला. पुढे ५ डिसेंबर २०१७ रोजी बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात हाच प्रश्न अधिक ओळखीच्या रूपात आला. वाहन अपघातात पती गेलेल्या महिलेकडून वकिलाने भरपाईच्या प्रमाणात आणखी फी मागितली, दहा लाखांचा चेक घेतला आणि तो न वटल्यावर तिच्यावरच चेक बाउन्सचा फौजदारी खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, म्हणून तिची वसुली अशा रीतीने करता येत नाही, असे सांगितले. वकिलांच्या फीवर नियंत्रण आणणारा कायदा नाही याकडेही लक्ष वेधून सरकारने त्याचा विचार करावा असे सुचवले. असा स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

कामगार भरपाईत तर आणखी एक भिंत आहे. कलम ९ प्रमाणे ही रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, जप्ती आणता येत नाही. त्यामुळे ‘भरपाईतील इतका हिस्सा अमुक यांना’ असा स्टॅम्पपेपर कितीही नोटरी केलेला असला तरी त्याच्या जोरावर या रकमेवर हक्क सांगता येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम सोडली तर परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. स्त्रिया आणि अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम आयुक्त त्यांच्या हितासाठी गुंतवू शकतात.

मग टक्का जातो कुठून? बँकेच्या खिडकीवरून. नोकरीच्या काळात आम्ही हे पाहिले आहे. कुटुंबाने पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर किंवा चेकवर आधीच सह्या किंवा अंगठे दिलेले असतात, पासबुक दुसऱ्याच्याच हातात असते आणि रक्कम जमा झाली त्याच दिवशी मोठा भाग काढला जातो. चेकवरची सही जुळली की बँक सहसा पैसे देते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहन अपघात न्यायाधिकरणे आणि कामगार भरपाईच्या प्रकरणांत पडून राहिलेल्या रकमांबाबत निर्देश दिले. त्यांनुसार दाव्यातच अर्जदाराच्या बँक खात्याचा तपशील घ्यायचा आणि पैसे थेट त्याच खात्यात वळते करायचे. ही सुधारणा चांगली आहे, पण कोरी स्लिप तिच्याही पुढे चालते. खाते स्वतःच्या एकट्याच्या नावाचे, मोबाइल नंबर स्वतःचा आणि पासबुक, एटीएम कार्ड घरातच, एवढे सांभाळावे.

यावरून वकील फुकट काम करतील अशी अपेक्षा करणेही गैर आहे. डॉक्टरांचा दाखला, पगारपत्रक, हजेरी, ठेकेदाराचा नकार, विमा कंपनीचे आक्षेप, यात कष्ट असतात. ठरावीक एकरकमी फी, ती टप्प्याटप्प्याने, झेरॉक्स-टायपिंग-प्रवासाचा खर्च वेगळा, आणि हे सर्व लिहून व पावतीसह, असे ठरवण्यात काही चूक नाही. तशी वरची मर्यादा आपल्याकडे कायद्याने घातलेली नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत ती आहे. कॅलिफोर्नियात कामगाराच्या वकिलाची फी भरपाईच्या न्यायाधीशांनी मंजूर करावी लागते. फ्लोरिडाने मात्र इतके कडक कोष्टक लावले की एका प्रकरणात १०७ तासांच्या कामाला १६४ डॉलर फी निघाली, म्हणजे तासाला दीड डॉलर. २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कोष्टक घटनाबाह्य ठरवले, कारण अशा फीत कामगाराला वकीलच मिळणार नाही. आमचे मत मंजुरीच्या पद्धतीकडे झुकते. आपल्या कायद्यातही कलम २६ प्रमाणे दाव्याचा खर्च कोणी द्यायचा हे आयुक्तांच्या हाती आहे. वकिलाने फीचा तपशील दाखल करून तो मालकाकडून मागावा, असा आग्रह अशिलाने जरूर धरावा.

वकिलाशिवायही दावा करता येतो. कलम २४ नुसार नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्रावर हजर राहू शकतो. आयुक्तांच्या परवानगीने अन्य व्यक्तीही. ठेकेदाराचा कामगार असला तरी मूळ कारखानदाराकडे भरपाई मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. कुटुंब गावी परतले असेल तर धुळे, नंदुरबार, पालघर, जिथे राहते तेथील आयुक्तांकडेही तो दाखल होतो, सिल्वासाच्या खेपा घालायची गरज नाही. जिथे ईएसआय लागू आहे तिथे मात्र हा दावा नसतो. अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात करायचा.

मोफत वकिलाची सोय फारशी कोणी वापरत नाही, हे आम्हाला खटकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मृत कामगाराची पत्नी यात बसतेच. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबेही बसतात. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

टक्केवारीसाठी दबाव आला तर वकील कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. दादरा व नगर हवेलीसाठी ती महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे, मुंबईला जाते. फी राहिली म्हणून केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले आहे. गंमत म्हणजे तिथे कागद अडले होते ते एका सहकारी बँकेचे. तरीही डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि पगाराच्या स्लिपा यांच्या मूळ प्रती घरी ठेवून वकिलाला झेरॉक्स द्याव्यात. मूळ प्रती लागतील त्या तारखेला स्वतः घेऊन जाव्यात.